चढणीचे मासे अंडी कुठे घालतात? संशोधनाचा आराखडा कसा असावा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील तुमच्या गावी पहिल्या मोठ्या पावसात मासे ओहोळातून भातखाचरांत चढतात. काही खाचरांत अंडी सापडतात, काहींत सापडत नाहीत. जिथे अंडी सापडतील तिथे पाण्याचे तापमान, सामू (पाणी किती आम्ल वा अल्कधर्मी आहे ते सांगणारा आकडा), विरघळलेला प्राणवायू आणि खोली मोजून ‘गोड्या पाण्यातील मासे अंडी घालण्याची जागा कशी निवडतात’ हा प्रबंधाचा विषय करता येईल का, किती जागा मोजाव्यात आणि एक पावसाळा पुरेल का, असे तुम्ही विचारले आहे. विषय उत्तम आहे आणि तो तुमच्या दारात आहे, ही मोठी सोय. आराखडा मात्र आहे तसा चालणार नाही, कारण अंडी न सापडलेल्या जागांची मोजणी त्यात कुठेच नाही.

माशाने जागा निवडली असे म्हणायचे असेल, तर त्याच्यापुढे एकाहून अधिक जागा होत्या आणि त्यांतल्या काही त्याने टाळल्या, हे दाखवावे लागते. बाजारात त्या दिवशी फक्त दुधी आला असेल आणि प्रत्येकाच्या पिशवीत दुधी दिसला, तर गावाला दुधी आवडतो असा निष्कर्ष कोणी काढत नाही. माशांच्या बाबतीत मात्र ‘अमुक जातीचा मासा सामू ६.५ ते ७ असलेल्या पाण्यात अंडी घालणे पसंत करतो’ अशी वाक्ये प्रबंधांत सर्रास आढळतात आणि त्या परिसरातील सगळ्याच पाण्याचा सामू तेवढाच होता की काय, हे कुठेही लिहिलेले नसते. म्हणून अंडी सापडलेल्या प्रत्येक जागेसोबत, त्याच रात्री माशाला जाता आले असते पण जिथे अंडी नाहीत अशा दोन-तीन जागा तितक्याच काळजीने मोजा. प्रबंधाचे अर्धे मोल या रिकाम्या जागांच्या नोंदींत असेल.

‘जाता आले असते’ ही अट दिसते तितकी सोपी नाही. वन्यजीवांच्या अधिवास-निवडीवर काम करणारे डग्लस जॉन्सन यांनी १९८० मध्येच दाखवून दिले होते की, संशोधक कोणत्या जागांना ‘उपलब्ध’ म्हणतो यावर पसंतीचा निष्कर्ष उलटासुलटा होऊ शकतो. कोकणातल्या उताराच्या शेतीत हा धोका फार मोठा आहे. खाचरे पायऱ्यांसारखी एकाखाली एक असतात; एखाद्या बांधाला पाणी काढून देण्यासाठी तोंड पाडलेले असते, एखाद्याला नसते; एखाद्या तोंडापाशी पाणी हातभर उंचीवरून खाली पडते, तर दुसरीकडे ते गवतावरून सपाट वाहत येते. ज्या खाचरात मासा पोहोचूच शकत नव्हता, ते त्याने ‘नाकारलेल्या’ जागांत मोजले तर सगळे गणित बिघडते. त्यामुळे रासायनिक मोजमापांच्या आधी त्या रात्री पाणी कुठून कुठे जोडलेले होते याचा नकाशा हवा. उपकरणांवर खर्च करण्यापूर्वी यासाठी एक टेप, एक काठी आणि मोबाइलमधील जीपीएस एवढे घेऊन बसा. मार्गदर्शकांना हे फार साधे वाटले तरी आग्रह सोडू नका.

दुसरा मुद्दा निवड कोणत्या पातळीवर होते याचा आहे आणि तो मी जरा विस्ताराने सांगतो, कारण याच जागी चांगले प्रबंधही घसरतात. अमेरिकेतील माँटाना राज्यात, स्वान नदीच्या खोऱ्यात, बुल ट्राउट या माशाच्या घरट्यांचा अभ्यास बॅक्स्टर आणि हाउअर यांनी २००० साली प्रसिद्ध केला. हा मासा नदीतळाच्या गोट्यांत खड्डा करून अंडी पुरतो. नदीचे लांब पट्टे एकमेकांशी ताडून पाहिले, तेव्हा जमिनीखालचे पाणी वर उमळून नदीत येते अशा पट्ट्यांत घरटी जास्त होती. पण त्याच पट्ट्यांच्या आत नेमकी घरट्याची जागा पाहिली, तर ती नदीचे पाणी खाली गोट्यांत मुरते अशा ठिकाणी होती. म्हणजे मोठ्या पातळीवर वर येणारे पाणी आणि छोट्या पातळीवर खाली जाणारे पाणी. एकाच माशाची, एकाच हंगामातली ही दोन उत्तरे परस्परविरुद्ध दिसतात, तरी दोन्ही खरी आहेत. ज्याने फक्त एका पातळीवर मोजले असते, त्याने अर्धे उत्तर पूर्ण म्हणून छापले असते.

तुमच्याकडे या पातळ्या तीन आहेत: खाडी किंवा नदी सोडून मासा कोणत्या ओहोळात शिरतो, त्या ओहोळातून कोणत्या खाचरात चढतो, आणि खाचराच्या आत कोणत्या कोपऱ्यात, कोणत्या गवतावर अंडी चिकटवतो. एम.एस्सी.चा प्रबंध असेल तर मधली पातळी घ्या. ती एका माणसाच्या आवाक्यात बसते. पीएच.डी. असेल तर मधली आणि शेवटची अशा दोन घ्या. ओहोळ-ओहोळांची तुलना मोहक वाटते, पण त्यासाठी एकाच रात्री बऱ्याच ठिकाणी माणसे उभी करावी लागतात आणि पहिल्या पावसाची रात्र कोणाला विचारून येत नाही.

मासा खरोखर निवड करतो का, हाही प्रश्न स्वतःला विचारावा लागेल. सॅमन आपल्या जन्माच्या ओढ्याचा वास ओळखून तिथेच परततो, ही कल्पना हॅस्लर आणि विस्बी यांनी १९५१ मध्ये प्रयोगांनिशी मांडली आणि पुढे ती पक्की ठरली. अशा माशाची जागा बऱ्याच अंशी त्याच्या जन्माने ठरते. समुद्रातील एक उदाहरण इथे मुद्दाम देतो, कारण गोड्या पाण्यात तितका स्वच्छ प्रयोग मला ठाऊक नाही. पनामाच्या प्रवाळखडकांवरील ब्लूहेड रास या माशाच्या विणीच्या जागा बारा वर्षे, म्हणजे त्या माशाच्या कित्येक पिढ्या, बदलल्या नव्हत्या. रॉबर्ट वॉर्नर यांनी खडकावरचे सगळे मासे हलवून त्या जागी दुसरे आणून सोडले, तेव्हा नव्या माशांनी वेगळ्याच जागा धरल्या. जागेच्या गुणांइतकेच चालीरीतीलाही महत्त्व असते, असा त्याचा अर्थ. चढणीच्या माशांबाबत याहून साधी शक्यता आधी तपासा: मासा प्रवाहाच्या उलट पोहतो, म्हणून ज्या बांधाच्या तोंडातून ओहोळात जास्त पाणी कोसळते तिकडे तो वळतो आणि पहिल्या संथ पाण्यात पोहोचला की अंडी घालतो. ओहोळापासूनचे अंतर आणि तोंडातून येणाऱ्या पाण्याचे प्रमाण या दोनच गोष्टींनी तुमच्या बहुतेक नोंदींचा उलगडा होत असेल, तर प्राणवायू आणि सामू यांच्या गप्पा मारण्यात अर्थ नाही. ही साधी प्रतिकृती (म्हणजे या दोन गोष्टींवरून अंडी कुठे असतील याचा अंदाज देणारे सांख्यिकीय मॉडेल) आधी बांधा आणि बाकीचे घटक तिच्यात भर घालतात का, ते नंतर पाहा.

आता जातीविषयी. ‘चढणीचे मासे’ हा एक मासा नव्हे, आणि तुमच्या आराखड्यात सगळे एकत्र धरले आहेत ते मला सर्वांत जास्त खटकले. पुंटियस आणि त्याच्या जवळच्या वंशांतले छोटे खवलेदार मासे बुडालेल्या गवतावर चिकट अंडी विखरून निघून जातात. मागूर बांधाच्या कडेला किंवा चिखलात खळगा करून अंडी घालतो आणि नर तिथे राखण करतो. मरळ पाणवनस्पती बाजूला सारून गोल मोकळी जागा करते. तिच्या अंड्यांत तेलाचा थेंब असल्यामुळे ती पृष्ठभागावर तरंगतात, म्हणजे तळाशी प्राणवायू किती आहे याचा त्या अंड्यांशी फारसा संबंधच उरत नाही. मरळीच्याच वंशातील लहान डोकरा तर अंडी तोंडात घेऊन फिरतो. या सगळ्यांची सरासरी काढून आलेले ‘पसंतीचे पाणी’ कोणत्याच माशाचे नसते. शिवाय निवड कोण करते हेही जातीनुसार बदलते: नर घरटे राखतो तिथे जागा आधी नर धरतो आणि मादी त्या नराला व जागेला मिळून होकार देते; विखरून अंडी घालणाऱ्यांत बहुधा मादी पुढे असते आणि नर मागे लागतात. युरोपातल्या बिटरलिंग माशाची मादी जिवंत शिंपल्याच्या आत अंडी घालते आणि आधीच खूप भ्रूण असलेला शिंपला टाळते, हे उदाहरण वाचून ठेवा. दुसऱ्याची अंडी असणे हाही जागेचा एक गुण असतो. तो आकर्षक ठरतो की नकोसा, हे जातीवर अवलंबून आहे.

माझा सल्ला असा की, गवतावर अंडी चिकटवणारी, तुमच्या गावात भरपूर असलेली एकच जात निवडा. ती कोणती हे यंदाच्या पावसात ठरेल. स्थानिक नावे दहा मैलांवर बदलतात, म्हणून प्रत्येक माशाचा बाजूने काढलेला फोटो, पट्टीसह, आणि शक्य तर पराचा छोटा तुकडा अल्कोहोलमध्ये ठेवा. अंडी पाहून जात ओळखण्याचा दावा मात्र करू नका. छोट्या खवलेदार माशांची अंडी एकमेकांसारखीच दिसतात. प्रत्येक जागेवरची काही अंडी घरी भांड्यात उबवून पिल्ले ओळखता येईपर्यंत वाढवावीत किंवा डीएनए बारकोडिंगने, म्हणजे डीएनएचा ठरावीक तुकडा वाचून, त्यांची ओळख पटवावी. दुसरा मार्ग खर्चाचा असला तरी परीक्षक त्यावर शंका घेणार नाहीत.

केव्हा मोजायचे हा काय मोजायचे याइतकाच महत्त्वाचा प्रश्न आहे. उष्ण प्रदेशातल्या कार्प गटाच्या माशांची अंडी फार लवकर उबतात. रोहू-कटल्याची अंडी २७-२८ अंश सेल्सिअसला साधारण १४ ते १८ तासांत फुटतात आणि छोट्या खवलेदार माशांचेही साधारण दिवसाभराचेच काम असते. तुम्ही पाऊस ओसरल्यावर तिसऱ्या दिवशी गेलात तर अंडी नसतील आणि तुम्ही ती जागा ‘रिकामी’ म्हणून नोंदवाल. हे खोटे शून्य तुमच्या विश्लेषणाला आतून पोखरेल. त्यामुळे मासे चढल्यानंतरची पहिली पहाट चुकवू नका. पहाटेचे आणखी एक कारण आहे: संथ पाण्यात प्राणवायू सूर्योदयाच्या थोडा आधी सर्वांत कमी असतो, आणि सकाळी अकराला घेतलेला आकडा अंड्याने रात्री काय सोसले ते सांगत नाही. प्रवाहाचा वेगही तसाच. पाटबंधारे खात्याच्या पद्धतीने पृष्ठभागापासून सहा दशांश खोलीवर घेतलेला वेग हा पाण्याच्या स्तंभाची सरासरी असतो. गवताच्या काडीला चिकटलेल्या अंड्याला लागणारा वेग त्या काडीपाशीच मोजावा लागतो.

अंडी शोधण्याची रीत हाताने शिकण्यासारखी आहे. बांधाच्या आतल्या कडेला, जिथे गवत नुकतेच पाण्याखाली गेले आहे आणि काड्या अजून हिरव्या आहेत, तिथून सुरुवात करा. वरून पाहून काही दिसत नाही. काडी पाण्यातच हळू उलटी करा आणि टॉर्चचा प्रकाश वरून न टाकता बाजूने, पाण्याच्या पातळीला समांतर, येऊ द्या. मग मिलिमीटरभर आकाराचे, काचेसारखे पारदर्शक मणी काडीच्या खालच्या बाजूला एकेकटे किंवा दोन-तीनच्या ओळीने चमकतात. मेलेले अंडे पांढुरके, अपारदर्शक होते आणि तेच आधी नजरेत भरते, म्हणून नवशिक्याच्या मोजणीत मेलेल्या अंड्यांचे प्रमाण नेहमी फुगलेले असते. गोगलगाईंची अंडी चिकट लगद्यात एकत्र असतात आणि बेडकांच्या अंड्यांभोवती जाड पारदर्शक गर असतो; दोन्ही पहिल्या पावसात त्याच गवतावर भेटतात. ही ओळख पटेपर्यंत नोंदी प्रबंधात धरू नका.

गवत उपटून मोजल्याने जागाच बदलते. त्यावर उपाय म्हणजे नारळाच्या काथ्याच्या सारख्या वजनाच्या जुड्या करून त्या पाऊस पडण्यापूर्वीच खुंटीला बांधून ठेवणे. मत्स्यबीज केंद्रांत सायप्रिनस (कॉमन कार्प) माशाची अंडी घेण्यासाठी हायड्रिला ही पाणवनस्पती किंवा तंतूंच्या जुड्या पाण्यात सोडतात, त्याचेच हे रूप. जुड्या सगळीकडे सारख्या असल्यामुळे आधाराचा प्रकार समान राहतो आणि खोली, प्रवाह, अंतर, सावली यांचा परिणाम वेगळा दिसतो. अर्थात त्यामुळे ‘मासा कोणत्या गवताला पसंती देतो’ हा प्रश्न या जुड्या सोडवणार नाहीत. त्यासाठी प्रयोग करा: शेतकऱ्याच्या परवानगीने काही खाचरांत बांधालगतचे अर्धे गवत पावसाआधी कापा, अर्धे राहू द्या, कोणते अर्धे कापायचे हे नाणे उडवून ठरवा. असा साधा प्रयोग वीस चलांच्या, म्हणजे मोजलेल्या घटकांच्या, कोष्टकापेक्षा जास्त सांगून जातो.

किती जागा, याचे उत्तर ‘खाचर हे एकक धरून मोजा’ असे आहे. एका खाचरात हजार अंडी मोजली म्हणजे हजार नमुने झाले असे नाही. ती एका-दोन माद्यांचीही असू शकतात. हर्लबर्ट यांनी १९८४ मध्ये या खोट्या पुनरावृत्तीवर लिहिलेला लेख चार दशकांनंतरही तुमच्या परीक्षकांच्या हातात असेल असे समजा. अंडी असलेली जागा आणि तिच्या जवळच्या रिकाम्या जागा यांचा एक गट धरून सशर्त लॉजिस्टिक प्रतिगमन (प्रत्येक गटाच्या आतच तुलना करणारी सांख्यिकीय पद्धत) करा. खाचराखाचरांतला आणि ओहोळाओहोळांतला फरक यादृच्छिक परिणाम म्हणून हिशेबात धरावा लागला तर तशी सोय असलेली मिश्र प्रतिकृती (मिक्स्ड मॉडेल) वापरा. चल चार-पाचच ठेवा आणि ते का घेतले हे पावसाआधी लिहून मार्गदर्शकांच्या सहीने ठेवा. नंतर हवे ते चल उचलण्याचा मोह सगळ्यांनाच होतो. मर्यादा आणि पसंती यांतही फरक करा: सॅमन आणि ट्राउट यांच्यावरील अभ्यासांत मादीच्या लांबीच्या सुमारे दहा टक्क्यांपर्यंत मध्यम व्यास असलेल्या खडीत ती घरटे करू शकते असे आढळले, पण तो आकडा तिच्या शक्तीची सीमा सांगतो, तिला तेवढीच खडी आवडते असे नव्हे.

एक पावसाळा एम.एस्सी.ला पुरतो, मात्र निष्कर्ष त्या पावसाळ्यापुरता लिहावा. पीएच.डी.ला निदान तीन हवेत, कारण चढणीची खरी घटना वर्षातून मोजक्या रात्री घडते आणि एखाद्या वर्षी मृगाचा पाऊस तुटक पडला तर मासे चढतात, पाणी ओसरते आणि सगळे चित्र वेगळे होते. तीन वर्षे असतील तर पुढचा, माझ्या मते सर्वांत मोलाचा, प्रश्न घेता येतो: माशाने धरलेली जागा त्याच्या पिल्लांना फळते का? अंडी जूनच्या सुरुवातीला उबतात, पिल्ले खाचरात वाढू लागतात आणि दोन-तीन आठवड्यांत चिखलणी सुरू होते; पाणी काढले जाते, पॉवर टिलर फिरतो, कुठे कुठे कीटकनाशक पडते. एके काळी ज्या खुणांवर विसंबणे माशाला हिताचे होते, त्याच खुणा आज त्याला नुकसानीच्या जागी नेत असतील तर परिस्थितिकीशास्त्रात त्याला पारिस्थितिक सापळा म्हणतात. तो सिद्ध करायला अंडी मोजून भागत नाही. खाचरातून ओहोळात परतणारी पिल्ले बांधाच्या तोंडाशी बारीक जाळी लावून मोजावी लागतात, आणि पड ठेवलेल्या खाचरांशी त्यांची तुलना करावी लागते. पड जमिनी कोकणात वाढत असल्याने ही तुलना दुर्दैवाने सोपी झाली आहे.

परवानग्यांबद्दल थोडक्यात. मासा हा पृष्ठवंशी प्राणी आहे, तेव्हा संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची मंजुरी आधी घ्या. क्षेत्र वनहद्दीत असेल तर वनविभागाची परवानगी वेगळी. गावाच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीला पत्र द्या. त्या रात्री लोक पाग आणि बांबूचे सापळे घेऊन मोऱ्यांवर उभे असतील आणि गाबोळीने भरलेल्या माद्याच जास्त सापडतील. तिथे उपदेश करायला जाऊ नका. त्यांच्या माहितीचा उपयोग मात्र जपून करा, कारण लोक जिथे उभे राहतात तिथेच मासे दिसतात आणि ‘मासे मोरीतूनच चढतात’ ही माहिती मोरीवर उभ्या राहणाऱ्याची असते. मात्र कोणत्या मोरीवर किती जण उभे होते, हे तुमच्या नोंदवहीत यायलाच हवे, कारण पकडलेली मादी अंडी घालत नाही आणि वरचे खाचर रिकामे राहण्याचे तेही एक कारण असू शकते.

सुरक्षिततेचे नियमही पाळा. रात्री एकट्याने ओहोळात उतरू नका, गमबूट घाला, पायाला जखम असेल तर पाण्यात जाऊ नका. लेप्टोस्पायरोसिस हा दूषित पाण्यातून जखमेवाटे शिरणारा आजार कोकणात पावसाळ्यात होतोच, तेव्हा कामाआधी डॉक्टरांना विचारून घ्या.

हे सगळे जमणार नाही असे वाटत असेल तर धरणाच्या काठावरचा तिलापियाही विचारात घ्या. त्याचा नर तळाच्या रेतीत किंवा मातीत गोल खळगे करतो, पाणी ओसरले की ते खळगे काठावर उघडे पडतात आणि खोली, उतार, तळाचा पोत यांची मापे कोरड्यावर उभे राहून घेता येतात. तिथे मादी अंडी तोंडात घेऊन निघून जात असल्याने खळगा ही मीलनाची जागा असते, वाढीची नव्हे. एवढे भान ठेवले तर तो विषय एका वर्षात नीट पुरा होतो. तुमच्या गावात चढण आहे म्हणून मी तरीही तीच घ्या म्हणेन. त्यासाठी एप्रिल-मे मध्ये, ओहोळ कोरडा असताना, प्रत्येक बांधाचे तोंड, त्याची उंची, खालच्या पाण्यापासूनचा टप्पा आणि कडेचे गवत यांची नोंद पुरी करा, खुंट्या ठोका आणि जुड्या तयार ठेवा. जूनमध्ये पाऊस सुरू झाल्यावर हे काम करायला वेळ मिळत नाही.